ओरॅकल पार्कवर पहिल्यांदा जाताना: कधी उठायचं, कुठे फिरायचं, काय खायचं

सॅन फ्रान्सिस्को परिसरात नव्याने आलेल्या मराठी माणसाला ऑफिसातलं कोणीतरी एकदा तरी विचारतंच, "जायंट्सची मॅच बघायला येतोस का?" आणि आपण "मला बेसबॉल कळत नाही" असं सांगून सुटका करून घेतो. हे कारण फारसं पटण्यासारखं नाही. जायंट्सच्या ओरॅकल पार्क या घरच्या मैदानावर साधारण ४१ हजार माणसं मावतात आणि त्यातले बरेच जण निम्मा वेळ मैदानाकडे पाठ करून खाण्याच्या रांगेत तरी उभे असतात, नाहीतर रेलिंगला टेकून खाडीकडे तरी बघत असतात. त्यांच्यापैकी सगळ्यांना खेळातलं कळतं अशी माझी तरी समजूत नाही. इथे नवख्याला जमावं लागतं ते एवढंच: जागेवरून कधी उठायचं आणि कधी बसून राहायचं.

आधी तिकीट

हंगाम मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत चालतो आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला घरच्या मैदानावर ८१ सामने येतात. त्यामुळे 'ही मॅच हुकली तर?' ही धास्ती नको. तिकिटांचे दर मागणीप्रमाणे वरखाली होतात. मंगळवार-बुधवारचा एखाद्या साध्या संघाविरुद्धचा सामना स्वस्तात मिळतो. लॉस एंजेलिसचे डॉजर्स आले की तेच तिकीट डोळे पांढरे करतं. पहिल्या खेपेला डॉजर्सच्या वाटेला जाऊच नका. गर्दी खूपच असते आणि रांगेतच सगळा वेळ जातो. (निळा शर्ट मात्र कुठल्याच दिवशी घालू नका. तो डॉजर्सचा रंग. इथे नारिंगी-काळा चालतो.)

तिकिटं फोनवरच येतात, एमएलबीच्या (मेजर लीग बेसबॉल, म्हणजे ही स्पर्धा चालवणारी संस्था) बॉलपार्क ॲपमध्ये. घरच्या सगळ्यांची तिकिटं एकाच फोनमध्ये असली तरी चालतं, फक्त तो फोन दारापाशी बंद पडलेला नसावा.

जागा कुठली घ्यावी? तीनशे क्रमांकाचे विभाग म्हणजे सगळ्यात वरचा मजला, आणि पहिल्या भेटीला माझं मत त्यालाच. फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागे किंवा तिसऱ्या बेसच्या (होम प्लेटमागून बघताना डावीकडच्या) बाजूला वर बसलात, की समोर उजवीकडची विटांची भिंत आणि तिच्यापलीकडे थेट पाणी. खाली शंभरच्या विभागात खेळ जवळून दिसतो खरा, पण खाडी दिसत नाही आणि पैसे मात्र चांगलेच मोजावे लागतात. आई-बाबा बरोबर असतील तर वर जायला लिफ्ट आहे. वरच्या मजल्याच्या पायऱ्या मात्र उभ्या आहेत, तेव्हा गुडघ्यांची तक्रार असेल तर अगदी वरच्या ओळी टाळा.

स्वेटर

याला वेगळा मथळा द्यावा असंच हे प्रकरण आहे. फ्रीमॉन्ट किंवा सनीवेलमध्ये जुलैत घाम येत असतो, म्हणून माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात निघतात. इथे संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटतो, धुकं येतं आणि पारा १३-१५ अंशांवर उतरतो. भर उन्हाळ्यात कानटोपी घातलेली माणसं दिसतात ती उगाच नाही. रात्रीच्या सामन्याला जाड जाकीट हवंच, आणि भारतातून आलेल्या आईबाबांसाठी वर एक शाल. दुपारच्या सामन्याला उलटा प्रकार: मैदानाच्या टोकाकडच्या बाकांवर ऊन थेट डोक्यावर येतं. त्यातल्या त्यात गरम हवा हवी असेल तर सप्टेंबर निवडा. शहराचा खरा उन्हाळा तेव्हाच असतो.

पोहोचायचं कसं

गाडी नको. मैदानाशेजारच्या पुलापलीकडे पूर्वी मोठा वाहनतळ होता, तिथे आता इमारती आणि बाग झाली आहे. जवळपास जे पार्किंग उरलंय त्याचे दर ऐकून तिकिटाचे पैसे किरकोळ वाटतात.

दक्षिणेकडून, म्हणजे सनीवेल, माउंटन व्ह्यू, सॅन होजे या बाजूने येणाऱ्यांना कॅलट्रेन सगळ्यात सोपी. शेवटचं स्टेशन चौथा रस्ता आणि किंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आहे, तिथून मैदान चालत काही मिनिटांवर. सप्टेंबर २०२४ पासून ही गाडी विजेवर धावते, त्यामुळे प्रवास आता जलद आणि शांत झालाय. फ्रीमॉन्ट किंवा डब्लिनकडून येणाऱ्यांनी बार्ट या लोकल रेल्वेने एम्बार्कडेरो स्टेशनला उतरावं आणि तिथून म्युनीची, म्हणजे शहराच्या ट्रामसेवेची, एन गाडी पकडावी. गाडी खच्चून भरली असेल तर पाण्याच्या कडेकडेने सरळ चालत सुटा. बे ब्रिजखालून जाणारा तो रस्ता सुंदर आहे आणि तेवढीच खाण्याआधी भूक लागते. ओकलंड, अलमेडा आणि लार्क्सपरहून सामन्याच्या दिवशी बोटीही सुटतात, त्या थेट मैदानाला लागतात. त्यांचं आरक्षण आधी करावं लागतं.

पिशवीत काय

बऱ्याच मराठी घरांना हे माहीत नसतं: इथे घरचं खाणं आत नेता येतं. पोळीचे रोल, ठेपले, सँडविच, चिवडा, काहीही. सील न फोडलेली प्लास्टिकची पाण्याची बाटलीही चालते. काच, पत्र्याचे कॅन आणि दारू चालत नाही. पिशव्यांच्या आकाराचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी जायंट्सच्या साइटवर एकदा नजर टाका आणि मोठी सॅक घरीच ठेवा.

रोख पैशांचा इथे उपयोग नाही, सगळा व्यवहार कार्डवर किंवा फोनवर. आई-बाबा स्वतंत्र फिरणार असतील तर त्यांच्याजवळ एक कार्ड देऊन ठेवा. आणि एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत, तेव्हा गाडीत शाल राहिली वगैरे प्रकार होऊ देऊ नका.

सामन्याआधीचा दीड तास

सगळं फिरणं सामन्याच्या आधी उरकावं, हा माझा आग्रह. मधल्या वेळात फिरायला निघालात तर गर्दीत अडकाल आणि परत येईपर्यंत तुमच्या जागेवरून दिसणारं सूर्यास्ताचं दृश्य संपलेलं असेल. वेळापत्रकात दार उघडण्याची वेळ दिलेली असते, तिच्याआधी वीस मिनिटं पोहोचा.

मुख्य दारासमोर विली मेजचा नऊ फुटी ब्राँझचा पुतळा आहे. हा जायंट्सचा सर्वांत मोठा खेळाडू, जून २०२४ मध्ये वारला. त्याचा क्रमांक २४, आणि हा आकडा इथे सगळीकडे पेरून ठेवलाय: पत्ता २४, विली मेज प्लाझा. चौकात ताडाची झाडं २४. उजवीकडच्या भिंतीची उंची २४ फूट. मुलं बरोबर असतील तर त्यांना झाडं मोजायला लावा, रांग पुढे सरकेपर्यंत ती गुंतलेली राहतात.

आत शिरण्याआधी मैदानाला वळसा घालून पाण्याच्या बाजूला जा. तिथे फरसबंद रस्ता आहे आणि भिंतीत जाळीच्या कमानी. त्या कमानींतून सामना चक्क फुकट दिसतो. गर्दी असली तर (एकूण नऊपैकी) तीन डाव बघून पुढच्यांना जागा द्यावी असा नियम आहे. हे मैदान बांधतानाच केलेलं आहे, कोणाची मेहेरबानी नाही. तिकिटावर पैसे घालवायची तयारी नसलेल्या विद्यार्थ्यांनी एक संध्याकाळ इथे उभं राहून बघावी.

याच बाजूचं पाणी म्हणजे मॅककोव्ही कोव्ह. विली मॅककोव्ही हा जायंट्सचा जुना डावखुरा फलंदाज, त्याच्या नावावरून हे नाव. उजवीकडची सीमारेषा इथे फक्त ३०९ फुटांवर आहे, त्यामुळे डावखुऱ्याने जोरात टोलवलेला चेंडू भिंत ओलांडून थेट पाण्यात पडू शकतो. त्याला स्प्लॅश हिट म्हणतात. १ मे २००० रोजी पहिला असा फटका जायंट्सच्या बॅरी बाँड्सने मारला आणि एकूण ३५ त्याच्याच नावावर आहेत. मोजदाद फक्त जायंट्सच्या फटक्यांची होते, पाहुण्या संघाने पाण्यात मारले तर त्यांना हा मान नाही. चेंडू टिपायला माणसं कयाक घेऊन, हातात जाळी घेऊन तिथे तरंगत असतात. त्यातले काही तर सामना रेडिओवर ऐकतात.

आत गेल्यावर डाव्या टोकाकडे चला. तिथे ८० फुटी तिरकी बाटली दिसेल, कोकाकोलाची बाटली म्हणून ती प्रसिद्ध झाली. तिच्या पोटात मुलांसाठी घसरगुंड्या आहेत. शेजारी चार बोटांचा अवाढव्य हातमोजा आहे, १९२७ च्या एका जुन्या ग्लव्हची २६ फुटी प्रतिकृती, होम प्लेटपासून ५०१ फुटांवर. चेंडू तिथवर मारून दाखवा, असं जणू आव्हानच. जवळच छोट्यांना बॅट फिरवायला एक पिटुकलं मैदानही आहे. घसरगुंडीची रांग सामना सुरू झाल्यावर लांबते, म्हणून मुलांना इथे आधीच आणा.

मैदानाच्या मध्याच्या मागे, धावफलकाच्या खाली, एक भाजीपाल्याची बाग आहे. २०१४ मध्ये तयार केली. लेट्यूस, केल, स्ट्रॉबेरी, निरनिराळे मसाल्याचे पाले तिथे लावलेले असतात आणि शेजारच्या स्टॉलवर त्यांचा वापर होतो. आजी-आजोबांना ही जागा हमखास आवडते. बसायला मिळतं, वारा कमी लागतो आणि 'स्टेडियममध्ये शेती' हा विषय परत जाताना गाडीत पुरतो.

डावांचं गणित

खेळ समजून घ्यायला एवढं पुरे: ९ डाव. प्रत्येक डावात पाहुणे आधी बॅटिंग करतात, मग जायंट्स. तीन जण बाद झाले की बाजू बदलते. २०२३ मध्ये चेंडू टाकायला घड्याळ लावल्यापासून सामना सरासरी २ तास ४० मिनिटांत आटपतो, पूर्वी तीन तासांच्या वर जायचा. म्हणजे भटकायला आता पूर्वीइतका वेळ नाही.

बाजू बदलताना मिळणारी सुट्टी दोन-अडीच मिनिटांची. नवखे नेमके तेव्हा उठतात आणि सगळं स्टेडियम त्यांच्याबरोबर उठतं. तुम्ही पाहुण्यांची बॅटिंग चालू असताना उठा. दुसऱ्या-तिसऱ्या डावात पाहुण्यांची पाळी लागली की निघायचं, रांगा तेव्हा आखूड असतात, आणि जायंट्सची पाळी येईतो परत यायचं. जागेकडे परतताना दालनाच्या तोंडाशी कर्मचारी थांबवतील. चालू चेंडू संपेपर्यंत थांबायचा शिष्टाचार आहे, इतरांना आडवं जायचं नसतं.

जायंट्सने होमरन (चेंडू थेट सीमेपलीकडे, आपल्या षटकारासारखा) मारला की भोंगा वाजतो, धुक्यात जहाजांना इशारा द्यायला वाजवतात तसला, आणि उजव्या भिंतीवरच्या खांबांतून पाण्याचे फवारे उडतात. पहिल्यांदा दचकायला होतं. लहान बाळ बरोबर असेल तर लक्षात असू द्या.

प्रेक्षकांत आलेला चेंडू परत द्यायचा नसतो. क्रिकेट बघत मोठे झालेल्या आपल्याला हे विचित्र वाटतं, पण ज्याच्या हाती लागला त्याचा झाला. शेजारी लहान मूल असेल तर बरेच जण त्याला देऊन टाकतात. खालच्या विभागात बसला असाल तर फोनमध्ये मान घालून बसू नका, फाउल चेंडू, म्हणजे बॅटला लागून रेषेबाहेर उडालेले, फार वेगाने येतात. जाळी आहे, पण सगळीकडे नाही.

आता खाणं

सुरुवात गार्लिक फ्राइजपासून. बटाट्याचे तळलेले काप आणि त्यावर ठेचलेला लसूण, तेल, पार्सली. लसूण हातचा राखून घातलेला नसतो, मुठीने असतो. इथून दक्षिणेला गिलरॉय नावाचं गाव आहे, लसणासाठी अमेरिकाभर प्रसिद्ध, त्याच्याच नावाने या फ्राइज विकल्या जातात. नव्वदच्या दशकात, संघ जुन्या कँडलस्टिक मैदानावर खेळायचा तेव्हापासून हा प्रकार चालू आहे. लसणाचा वास पायऱ्यांपाशीच येतो, स्टॉल शोधावा लागत नाही. एका पुड्यात दोघांचं सहज भागतं. गरम असतानाच संपवा. वाऱ्याने दहा मिनिटांत त्या गार पडतात आणि गार लसणाला काही अर्थ नाही. आपल्या जिभेला एकच उणीव जाणवते, तिखटाची. घरून चिमूटभर लाल तिखट किंवा सुकी लसूणचटणी पुडीत बांधून न्या. मी हे गंभीरपणे सांगतोय.

मांसाहारी असाल तर पुढचा मुक्काम खेकड्याचं सँडविच. सावरडो या आंबट पावाच्या कापांना लसूण-लोणी लावून ते भाजतात आणि मध्ये डंजनेस खेकड्याचा मऊ गर, टोमॅटोसह. स्टॉलचं नाव क्रेझी क्रॅब्झ, मध्यभागाच्या मागे, बागेपासून जवळच. महाग आहे, स्टेडियममधल्या महागाईच्या मानानेही महाग. पण सावरडो आणि हा खेकडा, दोन्ही या शहराची ओळख आहेत, आणि आपल्याकडे खेकडा म्हणजे कवच फोडत, बोटं चाटत तासभर बसणं. इथे सगळी मेहनत दुसऱ्याने केलेली असते. मालवणी रश्शाची सवय असलेल्यांना हा फारच सौम्य वाटेल. दोघांत एक घ्या.

भात हवाच असेल तर ऑर्लँडोज या स्टॉलवरचा 'चा चा बाउल', म्हणजे भाताचा वाडगा. ऑर्लँडो सेपेडा या पोर्तो रिकोच्या खेळाडूच्या नावाचा हा स्टॉल. भात, काळ्या बीन्स, कॅरिबियन मसाल्यातलं भाजलेलं चिकन आणि वर अननसाची कोशिंबीर. माझ्या मते पोट भरण्याच्या दृष्टीने सगळ्यात शहाणी खरेदी हीच, आणि इथल्या मोजक्या मसालेदार पदार्थांपैकी एक.

शाकाहारी मंडळींना उपाशी राहावं लागत नाही, पण जपून मागावं लागतं. फ्राइज आहेत, पिझ्झा आहे, चीज घातलेले नाचोज आहेत, शाकाहारी बर्गर किंवा हॉट डॉग मिळतो, बागेजवळ सॅलड मिळतात. अडचण अशी की 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर समोरचा मांसाचे तुकडे काढून देतो, आणि तळण्याचं तेल वेगळं आहे का हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ज्यांना या गोष्टीचं वावडं आहे त्यांच्यासाठी घरचा डबा. बीन्स घेताना त्यात मांस किंवा चरबी आहे का ते विचारा. आई-बाबांच्या वतीने हे प्रश्न तुम्हीच विचारा, काउंटरवरच्या गोंगाटात त्यांना उत्तर ऐकू येत नाही आणि ते मान डोलावून मोकळे होतात.

भाजलेल्या शेंगा इथे सालासकट विकतात, आणि सालं पायाशी टाकली तर कोणी काही म्हणत नाही. क्रॅकर जॅक म्हणून एक पुडी मिळते, त्यात कॅरॅमल लावलेले पॉपकॉर्न आणि शेंगदाणे असतात. गुळाच्या पाकातल्या चुरमुऱ्याच्या लाडवांचा लांबचा भाऊ म्हणा. सातव्या डावाच्या मध्यावर सगळे उभे राहून १९०८ सालचं एक गाणं म्हणतात, त्यात या शेंगांचा आणि क्रॅकर जॅकचा उल्लेख आहे. शब्द येत नसले तरी उभे राहा, पायही मोकळे होतात.

गोडासाठी गिरार्देलीचं सन्डे, आइस्क्रीमवर गरम चॉकलेटचा जाड थर. ही चॉकलेट कंपनी सॅन फ्रान्सिस्कोचीच, १८५२ पासूनची. थंडी वाजत असताना आइस्क्रीम खाण्याचा उत्साह नसेल तर पायऱ्यांवरून गरम चॉकलेट विकणारा फेरीवाला फिरत असतो, त्याला हात करा. जुलैच्या रात्री त्याचाच धंदा जोरात असतो.

काउंटरवर कार्ड लावलं की पडद्यावर टिपचे आकडे येतात. तयार पुडा उचलून दिला असेल तर शून्य दाबायला लाजू नका. वर पायऱ्या चढून जागेवर आणून देणाऱ्याला मात्र द्यावी.

पिणं

बिअर घ्यायची तर मूळ ओळखपत्र हवं, केस पिकलेले असले तरी. भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा, मोबाइलमधला फोटो बहुधा चालत नाही. वय २१ पूर्ण हवं आणि एका वेळी ठरावीकच ग्लास देतात. सामना संपेपर्यंत दारूविक्री चालत नाही, शेवटच्या काही डावांआधी काउंटर बंद होतात.

जुन्या याद्यांमध्ये इथली अँकर स्टीम बिअर घ्या असं लिहिलेलं सापडेल. ती शोधत बसू नका, ती कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. थंडीच्या रात्री आयरिश कॉफी हा जास्त चांगला पर्याय आहे: गरम कॉफी, व्हिस्की आणि वर साय. न पिणाऱ्यांनी पाण्याची बाटली घरूनच आणावी, आतल्या पाण्याचे पैसे देताना जीव तुटतो.

शेवटचे डाव आणि परतीची वाट

आठव्या डावानंतर आकाशात समुद्रपक्षी जमायला लागतात. सामना संपत आलाय हे त्यांना कसं कळतं देव जाणे, पण उरलेल्या फ्राइजसाठी ते टोळीने उतरतात आणि खुर्चीवर ठेवलेला पुडा सरळ उचलतात. खाणं त्याआधी संपवा, डोक्यावर काहीतरी घ्या.

बोटीने आला असाल तर शेवटचा खेळाडू बाद झाल्यावर रेंगाळू नका, ती फार वेळ थांबत नाही. कॅलट्रेनवाल्यांनी सामन्यानंतर सुटणाऱ्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवावी. आई-बाबा किंवा मुलं बरोबर असतील तर गुणसंख्येत मोठा फरक पडल्यावर नवव्या डावाच्या सुरुवातीलाच निघावं, गाडीत बसायला जागा मिळते. सामना बरोबरीत असेल तर मात्र हलू नका. बेसबॉलमध्ये अनिर्णित हा निकालच नाही, जादा डाव खेळवतात. मग पुढची गाडी.